घंटा काढलेला कर्णा

शेवगावच्या सूर्यभानला लोक तोंडावरून ओळखत नसत, आवाजावरून ओळखत. आणि तो आवाजही त्याच्या गळ्यातला नव्हे, कर्ण्यातला. रस्त्यात समोरून गेला तर कुणी मान वळवून बघायचं नाही. उंच, किडकिडीत, जुन्या खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला असा माणूस नगर जिल्ह्यात शोधायला निघालात तर दर वेशीपाशी एक तरी सापडेल. पण याच सूर्यभानने माइकपुढे तोंड नेऊन "हॅलो, हॅलो" केलं की पोरंटोरं धावत यायची, म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून वर कर्ण्याकडे बघत राहायच्या, आणि एखादा शहाणा हमखास म्हणायचा, "शेवगावचा कर्नावाला आलाय." कर्णेवाल्याला नाव असतं, घर असतं, त्यालाही भूक लागते, याची चौकशी करावी असं मात्र कुणाला सुचत नसे. लग्न लागलं, जेवणं उठली, की माणसं कर्णा उतरवून छकड्यात ठेवायला मदत करायची. मदत कर्ण्याला असायची, त्याला नव्हे.

हे मशीन त्याच्याकडे आलं ते लढाईच्या पुण्याईने. घर शेतकऱ्याचं, भाऊ थोरले, जमीन कोरडवाहू; धाकट्याच्या हाताला काम उरलंच नव्हतं. लढाई सुरू झाली तेव्हा नगरच्या लष्करी कारखान्यात ओझी उचलायला माणसं घेत होते, तिथे हा लागला. ओझी उचलता उचलता तारा धरायला शिकला, तारा धरता धरता त्यांना कथलाचा डाग द्यायला शिकला. लढाई संपली, साहेब लोक आवराआवर करू लागले आणि जुन्या सामानाचा लिलाव निघाला. त्या लिलावात लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, पत्र्याच्या पेट्या घेतल्या. सूर्यभानने एक हिरव्या रंगाचं मशीन घेतलं, दोन कर्णे घेतले आणि एक माइक घेतला. भावांनी ते बघून डोक्याला हात लावला. म्हैस घेतली असती तर दूध तरी दिलं असतं, असं थोरली वहिनी पुढे पुष्कळ दिवस म्हणत असे, आणि तिचं काही चुकत होतं असंही नाही.

मशीन मुकं होतं. त्याला बोलतं केलं ते नगरच्या नृसिंहपंतांनी. पंतांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या कचेरीतली लेखणी चाललेली. यांनी मात्र रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, म्हणून वडील त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलत. तेव्हा घरच्यांना न पटलेली दोन माणसं एका मशीनपाशी बसली आणि त्यांचं चांगलं जमलं. पंतांनी मशीन उघडलं, काचेचे व्हॉल्व बदलले, मोटारीच्या बॅटरीवर ते चालेल अशी सोय केली आणि मग झाकण लावण्याआधी सूर्यभानला जवळ बोलावलं.

"हे नीट बघ," पंत म्हणाले. "मशीन म्हणजे जुपलेला बैल समज. आवाज सोडलास की ते ओढायला लागतं. कर्णा हे त्याचं ओझं. आता ओढता ओढता ओझंच काढून घेतलं तर काय होईल?"

सूर्यभानला विचार करावा लागला नाही. "मोटंचा नाडा तुटल्यावानी हुईल. बैल धावंच्या उतारावर तोंडघशी पडंल."

"आणि गुडघे फोडून घेईल. आतला हा शेवटचा ट्रान्सफॉर्मर आहे ना, ते याचे गुडघे. कर्ण्याची तार सुटलेली असताना आवाज वाढवलास तर हा जळलाच म्हणून समज. तारेला तार चिकटली तर एखादे वेळी वाचेलही. पण कर्ण्यावाचून चालवू नकोस. विलायती माल आहे. पुन्हा मिळायचा नाही."

दोन कर्णे जोडायची रीतही पंतांनीच घालून दिली. मशीनमधून निघालेली तार पहिल्या कर्ण्यात जायची, तिथून निघून दुसऱ्यात, आणि दुसऱ्यातून परत मशीनला. एकामागे एक. दोघांचं मिळून जे ओझं होई ते त्या मशीनला बरोबर पेलत असे. यात एकच खोड होती. एका कर्ण्याची तार सुटली की दुसराही गप्प, कारण वाट एकच. सूर्यभानने हे पाठ केलं. पाठ करणं सोपं असतं.

घरी या मशीनचं कौतुक होतं ते एकट्या राहीला. राही त्याची बायको. पहिल्या दिवशी त्याने दारातल्या छकड्यावर कर्णा बांधला आणि तिला ओढ्यापलीकडे पिटाळलं, आवाज कुठवर जातो ते बघायला. ती गेली. याने माइकमध्ये विचारलं, "ऐकू येतंय का?" आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपला आवाज तिच्यापर्यंत जाईल, तिचा आपल्यापर्यंत यायचा नाही. राही पलीकडून काहीतरी ओरडत होती, ते वाऱ्यावर विरून जात होतं. शेवटी तिने एक हात उंच केला. हिरव्या बांगड्यांचा तो हात ओढ्यापलीकडे बाभळींच्या वर दिसला आणि सूर्यभान एकटाच हसला. तेव्हापासून तेच ठरून गेलं. जत्रा असो, लग्न असो, तो तिला छकड्यात बसवून न्यायचा, ती गर्दीच्या पार मागे जाऊन उभी राहायची, आणि याने "ऐकू येतंय का" म्हटलं की तिचा हात वर व्हायचा. लोक हसायचे. बायकोला जत्रेत मागच्या बाजूला उभं करून हात वर करायला लावणारा नवरा त्यांनी पाहिला नव्हता.

ती गेली मुदतीच्या तापाने. अंथरुणाला खिळलेली असताना शेवगावातच एक मोठं लग्न निघालं आणि कर्णा लावायचं बोलावणं आलं. सूर्यभान जायला तयार नव्हता. तिनेच लावून दिलं. "कुठं परगावी निघालाय?" ती म्हणाली. "हितंच तर हाय तुमी. आवाज येतोय तवर तुमी घरातच हाय म्हनायचं." तो गेला. दिवसभर लग्नघरच्या फोनोपुढे माइक धरून तबकड्या वाजवल्या, पंगती पुकारल्या, हरवलेली पोरं आयांकडे पोचवली. संध्याकाळी फडक्यात बुंदी बांधून घरी आला तेव्हा दारात माणसं बसली होती.

शेजारीण म्हणाली, "लई तरास न्हाई झाला. पर सारखा हात वर करायची. पानी मागती म्हनून तोंडाशी तांब्या न्ह्यावा तर पेयाची न्हाई. पुन्यांदा हात वरच."

सूर्यभानला कळलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार? दोन गल्ल्या पलीकडे उभं राहून आपण दिवसभर "ऐकू येतंय का" विचारत होतो, आणि ती दर वेळी उत्तर देत होती, आणि ते उत्तर बघायला आपण तिथे नव्हतो, हे सांगायला माणूस तरी कोण होतं? लोक बारा दिवस आले, मग यायचे थांबले. भावांच्या घरी त्याला ताट वाढलं जाई, पण वाढणारी पुढे उभी राहत नसे. एकटेपण म्हणजे काय ते सूर्यभानला तेव्हा कळलं. घरात भांडं पडलं तर दचकायला दुसरं कुणी नसतं, एवढंच ते. पण एवढंच फार असतं.

मशीन होतं म्हणून तो उठून बसला. मशीनला बोलावणी येत, आणि मशीनबरोबर त्याला जावं लागे. मिरजगावला जत्रेला जा, शेवगावात शाळेच्या झेंड्याला कर्णा लाव, घोडेगावला जनावरांच्या बाजाराला ये. बॅटरी भरून आणायची, छकडा जुंपायचा, माणसात जाऊन बसायचं. कुणी त्याच्याशी चार शब्द बोलत नसलं तरी तो हजारोंशी बोलत असे. "ऐकू येतंय का?" हे तो अजूनही विचारी. समोरून शंभर जण ओरडत, "येतंय, येतंय!" तिकडे त्याचं लक्ष नसे. विचारून झाल्यावर तो थोडा थांबायचा, हात वर व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि मग पुढचं बोलायचा. मशीन गेलं तर उद्या आपल्याला कुणीही कुठेही बोलावणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो त्याला जपायचा. पावसाळ्यात स्वतःची घोंगडी त्याच्यावर घालून आपण भिजायचा.

घोडेगावचा बाजार म्हणजे जनावरांचा समुद्र, आणि माणसं त्यात नावापुरती. बैल, खोंड, गाई, म्हशी, शेरडं, आणि त्या सगळ्यांच्या वर धूळ. बाजारात कर्ण्याचं काम मोठं. कुणाचं जनावर सुटलं, कुणाचं सापडलं, कुठला म्हातारा आपल्या माणसांपासून चुकला, हे सगळं सूर्यभान पुकारायचा. कडुनिंबाखाली माचा टाकून त्यावर मशीन मांडलेलं असे. एक कर्णा त्याच कडुनिंबावर, बाजाराकडे तोंड करून. दुसरा पार गावच्या बाजूला, एका गल्लीच्या तोंडाशी बांबूवर, म्हणजे तिकडून जनावरं घेऊन येणाऱ्यांना ऐकू जावं.

त्या गल्लीला भिमाजी राहायचा. बापाच्या वेळेपासून घरात जनावरांची दलाली. त्याची आई बनुबाई उमेदीत अशी होती की दावणीला बांधलेल्या बैलाच्या नुसत्या उसाशावरून त्याचं वय सांगायची आणि दलाल मंडळी तिच्यापुढे बैल आणायला बिचकायची. आता ती अंथरुणाला लागली होती. त्या दिवशी सकाळपासून तिचं काही खरं नव्हतं. भिमाजीच्या घराण्याची एक जुनी चाल होती. घरात कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की गल्लीतून जाणाऱ्या बैलांच्या गळ्यातली घंटा, घुंगरं काढून घ्यायची. जाणाऱ्या जिवाला शांतपणे जाऊ द्यावं, त्याने आवाजाकडे मागे वळून बघू नये, असं ते लोक मानत. भिमाजी गल्लीच्या तोंडाशी बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या बैलांच्या माळा स्वतः हाताने सोडून बोरीच्या फांदीला अडकवत होता. परत जाताना ज्याची त्याने घेऊन जायची. कुणी कुरकुर केली नाही. अशा वेळी कोण करतो?

माळा निघाल्या. गल्ली गप्प झाली. आणि वर बांबूवरून कर्णा खणखणीत आवाजात सांगत होता, "एक काळी शेळी, डावा कान चिरलेला..."

भिमाजीने वर पाहिलं.

इकडे कडुनिंबाखाली सूर्यभान शेळीच्या मालकाला बोलावत होता तो मध्येच आवाज बसला. डोक्यावरचा कर्णा अगदी मुका. त्याने माइकवर टिचकी मारली. काही नाही. बॅटरी उतरली की काय म्हणून वाकून बघतो तोच बाजारात गलका उठला. कुणाचा तरी तांबडा खोंड दावं तोडून उधळला होता आणि ज्या बाजूला बायका, पोरं भाकरीची फडकी सोडून बसली होती तिकडेच निघाला होता. सूर्यभानने माइक तोंडाशी धरला. "बाजूला व्हा! खोंड सुटलाय, बाजूला व्हा!" आवाज नाही. त्याने बटण पिळलं. आवाज नाही. त्याने ते शेवटापर्यंत पिळलं आणि घसा फोडून ओरडला, पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला. पंतांनी सांगितलेलं सगळं त्याला पाठ होतं. पण खोंड उधळलेला असताना पाठ केलेलं आठवायला माणूस देवमाणूस लागतो. आपण कुठल्या बैलाला पराणी टोचतोय आणि त्याच्यामागे ओझं आहे की नाही, हे त्या घटकेला त्याच्या मनातही आलं नाही.

मशीनच्या आत चट् झालं. निळी ठिणगी दिसली, मग दुसरी, आणि डांबर जळाल्यासारखा वास आला. त्याने बॅटरीची तार उपटून काढली. फटीतून धूर येतच राहिला, बारीक, सावकाश, काही घाई नसल्यासारखा.

खोंडाचं म्हणाल तर तो भाकरी खाणाऱ्या बायकांपर्यंत पोचलाच नाही. वाटेत कडब्याची गंज दिसली, तिथे थांबून खात उभा राहिला. मालकाने येऊन कासरा धरला आणि चार शिव्या देऊन घेऊन गेला. एवढ्यासाठी सगळं झालं होतं.

"कर्नावाल्याची दातखीळ बसली रं!" कुणीतरी म्हणालं, चार जण हसले आणि पांगले. बाजार चालूच होता. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत होते; त्या सौद्याला आवाज लागतच नाही. सूर्यभान माच्याशेजारी जमिनीवर बसला. मशीनवर हात ठेवला तर अजून गरम होतं. राहीचा हातही त्या संध्याकाळी, तो घरी पोचला तेव्हा, अजून गरम होता.

मग तो उठला आणि तार धरून निघाला. डोक्यावरून गेलेल्या तारेखालून, झाडामागून झाड, जनावरांच्या शेपट्या चुकवत गल्लीच्या तोंडाशी आला. बांबूवर कर्णा होता. त्याच्या दोन्ही तारा सोडून नीट गुंडाळून बांबूला बांधल्या होत्या, दाव्याला मारतात तसली गाठ मारून. आणि कर्ण्याच्या तोंडात एक धुतलेलं पांढरं धोतर कोंबलं होतं. शेजारच्या बोरीवर एवढ्या घंटा आणि घुंगुरमाळा लटकत होत्या की फांद्या वाकल्या होत्या.

"ही तार कुनी सोडली?"

"म्या." खाली बसलेला भिमाजी उठला. त्याचे डोळे लाल होते. "रागावू नका, पाव्हनं. माय चाललीय माजी. सकाळधरनं समद्यांच्या घंटा काढून घेतोय. तुमी तिकडं लांब, गर्दीत कुठं हुडकू? म्हनलं, तुमच्या बैलाची बी घंटा आपुनच काढावी. जाताना माज्या हातानं बांदून देनार हुतो."

सूर्यभानने त्याची बंडी धरली. इतक्या वर्षांत त्याने कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता. ना रागाने, ना मायेने. "माजं मशीन जाळलंस तू," तो ओरडला. कर्ण्यावाचून त्याचा आवाज चिरका होता, त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "जाळलंस!"

"म्या?" भिमाजीला काही उमगेना. "तार तोडली न्हाई वो, सोडली नुसती. तिकडं मशीन, हितं तार. त्याला काय व्हायचंय?"

"मोट भरून वर येतीया, बैल धावंवर ओढत्यात, आन मागनं कुनी नाडा सोडला तर बैलाचं काय हुतंय?"

भिमाजी जनावरातला माणूस होता. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा उतरला. "आयला," एवढंच तो म्हणाला, आणि मग अगदी हळू, "मेला का बैल?"

"मेला."

बंडी सूर्यभानच्या हातात होती, ती त्याने सोडली. मारावं असं काही त्या माणसात नव्हतं. राही गेली त्या दिवशी कुणी येऊन आपली तार अशी सोडून टाकली असती तर? हे त्याने मनाशी हजारदा घोळवलं होतं. तार सुटली असती, तो कारण शोधत निघाला असता, घरापर्यंत पोचला असता. शेवगावात तेवढी माया कुणाला आली नाही. इथे आली, तर तिने त्याचं मशीन खाल्लं.

एवढ्यात घरातून भिमाजीची बायको मनकर्णा बाहेर आली. तिच्याही डोळ्याला पदर होता. "आवं, आत्याबाई रडायला लागल्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हनत्यात, कर्ना ऐकू येईना. माजं कान गेलं, मनकर्णे, आता सरलं. कालपासनं बाजाराची वाट बघत हुत्या वो. कुनाचं काय सुटलं, कुनाला काय घावलं, ह्ये ऐकत पडल्या हुत्या सकाळधरनं. म्हनत्यात, समद्यांनी मला टाकून दिलं."

भिमाजीने आईकडे जाणाऱ्या दाराकडे पाहिलं, मग कर्ण्यातल्या धोतराकडे पाहिलं. "मला वाटलं तिला शांत वाटंल," तो म्हणाला.

"तिला इचारलं हुतं का?" सूर्यभान म्हणाला.

"मरनाऱ्या मानसाला कोन इचारतंय?"

हे उत्तर सूर्यभानला लागलं. खरंच, कोण विचारतं? त्यानेही विचारलं नव्हतं. राहीने जा म्हटलं आणि तो गेला.

"पाव्हनं," भिमाजीने हात जोडले, "काईबी करून घटकाभर वाजवा. मग माजं काय करायचं ते करा."

"वाजायचं न्हाई ते आता. कंदीच."

सूर्यभान हे बोलून माघारी वळला. चार पावलं गेलाही. जाऊन करायचं काय होतं? थंड होत चाललेलं मशीन छकड्यात घालायचं, शेवगावला न्यायचं, कोपऱ्यात ठेवायचं आणि त्याच्या शेजारी बसायचं. उद्याही बसायचं, परवाही. तो थांबला. मग डोकीचा रुमाल काढून धूळ झटकली आणि ओणवा होऊन भिमाजीच्या दारातून आत शिरला.

आत काळोखी होती. बनुबाई गोधडीखाली एवढीशी दिसत होती. डोळे उघडे होते, पण त्यांना फारसं दिसत नसावं.

"कोन?"

"कर्नावाला आलाय, आत्याबाई," मनकर्णा तिच्या कानाशी म्हणाली.

"कर्ना घेऊन?"

"न्हाई. नुसताच आलाय."

"नुसता कशाला आला मंग?" म्हातारी म्हणाली. मरतानाही तिचा व्यवहार पक्का होता.

सूर्यभान अंथरुणाशेजारी बसला. हाताच्या अंतरावर असलेल्या माणसाशी काय बोलायचं ते तो विसरून गेला होता. हजार माणसांशी बोलणं त्याला यायचं, एकाशी येईना. त्याने घसा खाकरला. मग नकळत मूठ वळून तोंडाशी धरली, माइक धरतात तशी, आणि हळू सुरुवात केली.

"हॅलो. हॅलो. ऐका, मंडळी. एक काळी शेळी घावलीय. डावा कान चिरलेला. ज्याची आसंल त्यानं कडुनिंबाखाली यावं."

म्हातारीची मान जराशी वळली.

"एक तांबडा खोंड दावं तोडून उधळला हुता," सूर्यभान म्हणाला. "कपाळावर चांद. कुनाला लागलं न्हाई. कडब्याच्या गंजीशी खात हुबा ऱ्हायला, मालकानं धरून न्हेला."

"चांद्या?" बनुबाई पुटपुटली. "त्याला गिऱ्हाईक बिगीनं घावतं. दाती किती?"

"दुसा हाय, दोनच दात," सूर्यभान म्हणाला. त्याने बघितलं नव्हतं, पण बाजारात एवढं खोटं चालतं. "रंग चांगला हाय. वशिंड भरलंय."

तो बोलत राहिला. सकाळपासून पुकारलेलं सगळं पुन्हा पुकारलं: चुकलेला म्हातारा, सापडलेली घोंगडी, अदलाबदल झालेल्या दोन म्हशी. संपलं तेव्हा मनाचं सांगू लागला, आलेले बैल, गेलेले बैल, धूळ, गर्दी. भिमाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बाहेर बोरीवरच्या घंटा वाऱ्याने जराशा वाजल्या, पण त्या काढायला या वेळी कुणी धावलं नाही.

बोलता बोलता सूर्यभान सवयीने थांबला आणि सवयीनेच त्याने विचारलं, "ऐकू येतंय का?"

आणि तेवढाच थांबून राहिला.

म्हातारीचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मग गोधडी जराशी उचलली गेली आणि तिच्याखालून तिचा हात वर आला. सुकलेला, काळा, मनगटात एकच बांगडी. तो तसाच वर राहिला.

मनकर्णा लगबगीने उठली. कोपऱ्यातला तांब्या घेऊन म्हातारीच्या तोंडाशी वाकली. "पानी मागत्यात," ती म्हणाली.

सूर्यभानने तांब्यावर हात ठेवला आणि तो हलकेच बाजूला केला.

"पानी न्हाई मागत," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. ऐकू येतंय म्हनत्यात."

मग त्याने तो वर आलेला हात आपल्या हातात घेतला आणि पुढचं सांगू लागला.